गुरुवारच्या टँकरआधी

मंगळवारी सकाळी दुधाचा टँकर आला तेव्हा मी फ्लाव्हीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. सात महिन्यांच्या माझ्या लेकीला खालचे दोन दात येत होते आणि पहाटे चारपासून तिनं सगळ्या घराला त्याची वर्दी दिली होती. टँकर नेहमीसारखा मोठ्या रस्त्यावरून आमच्या वाटेला वळला, ओढ्यावरच्या मोरीपाशी आला आणि थांबला. गाएताँ खाली उतरला. सोळा वर्षं हा माणूस या घरचं दूध नेतोय, त्यातली सहा मी बघतेय. मोरीवर तो कधी उतरला नव्हता. त्यानं एक काठी उचलली आणि मोरीच्या तोंडाशेजारी, वाटेच्या उतारात खुपसली. काठी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली, पार त्याच्या मुठीपर्यंत.

मग तो आत आला, दूध भरून घेतलं, आणि जाताना यानिकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गोठ्याच्या दारात गाठून शांतपणे म्हणाला, "गुरुवारी पाणी वाटेला टेकलेलं दिसलं तर मी आत येणार नाही. रिकामा येईन एक वेळ. पण भरून जाताना वाट खाली बसली तर टँकर ओढ्यात, आणि मी टँकरात."

त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे शेहेचाळीस गाई दुधावर, आणि टाकीत मावतं दोन दिवसांचं दूध. गुरुवारी सकाळचं जेमतेम बसलं असतं. टँकर आला नाही तर गुरुवार संध्याकाळपासून सगळं दूध गटारात. गाईंना काही सांगता येत नाही की बायांनो, दोन दिवस थांबा, वाट खचलीय. आणि दुसरी वाट नाही. मोठ्या रस्त्यापासून गोठ्यापर्यंत चारशे पावलं, मधे ओढा, ओढ्यावर वाकून आत शिरता येईल एवढी लोखंडी मोरी. घरामागे टेकडी आणि जंगल. पुरानं आलेलं पाणी नव्हतं हे, ढगातून पडलेलंही नव्हतं. ते बीव्हर या दातांनी झाडं पाडून ओढ्याला बांध घालणाऱ्या जनावरांनी आणलेलं होतं, काडी काडी करून.

ऑगस्टच्या अखेरीस एका पहाटे यानिक मोरीवर गेला तर तिचं तोंड फांद्या, चिखल आणि गवतानं लिंपून टाकलेलं. लांब दाताळ्यानं अर्धा तास खपून त्यानं ते मोकळं केलं आणि घरी येऊन मला म्हणाला, बीव्हर आलेत, दोन दिवसांत कंटाळतील. त्याला आता तीन आठवडे झाले. कंटाळला तो यानिक. रोज साडेचारला दाताळं, मग गोठा, मग न्याहारीला बसल्या बसल्या पावावर मेपलचा पाक सांडत डोळे मिटायचे. बीव्हर मात्र ताजेतवाने. त्यांना दिवसभर झोप होती.

मग माझ्या सासऱ्यांनी प्रकरण हातात घेतलं. त्यांचं नाव अदेलार, पण फ्लाव्ही झाल्यापासून सगळं घर त्यांना पेपेर, म्हणजे आजोबाच म्हणतं. वय चौऱ्याहत्तर, अंगणापलीकडच्या छोट्या घरात राहतात आणि जेवायला, सल्ला द्यायला इकडे येतात. त्यांचं आयुष्य गाईंना एका जागी ठेवण्यात गेलं, त्यामुळे जगातलं कुठलंही जनावर त्यांच्या मते वाट चुकलेली गाय असतं. त्यांनी गोठ्यातल्या जुन्या गव्हाणीचे गज कापले, झाळून एक जाळी केली आणि मोरीच्या तोंडावर घट्ट बसवली. आता बीव्हर आत शिरणार कसा, असं त्यांनी तीनदा विचारलं. बीव्हरला आत शिरायचंच नव्हतं. आधी बिचाऱ्याला काड्या टेकवायला जागा शोधावी लागायची, आता आम्ही सांगाडाच बांधून दिला. दुसऱ्या सकाळी बांध दुप्पट उंच आणि असा पक्का, की यानिकला दाताळं टाकून पहार आणावी लागली.

यानिकची अक्कल त्याच घराण्यातली. त्यानं गोठ्यातला रेडिओ मोरीवर टांगला. माणसांचे आवाज ऐकून पळतील म्हणाला. रात्रभर मोरीत हॉकीवरच्या गप्पा चालल्या. सकाळी रेडिओ दिसेना, पण ऐकू येत होता. चिखलात, बांधाच्या मधोमध, कुठल्याशा गोलरक्षकाच्या गुडघ्याबद्दल कोणीतरी कळकळीनं बोलत होतं. बॅटरी संपायला दुपार झाली.

त्यानंतर झटका तार. ही पुन्हा पेपेरची. कुरणाच्या कुंपणाला जोडून पाण्यावरून एक तार ओढली. गाय एकदा शिवली की जन्मात विसरत नाही, हे त्यांचं शास्त्र. बीव्हरनी तिसऱ्या रात्री काठावरचं पॉप्लरचं एक झाड त्या तारेवर पाडलं. मुद्दाम पाडलं असं पेपेर म्हणतात. तार जमिनीला टेकली आणि अख्ख्या कुरणातली वीज गेली. उजाडताना चौदा गाई मक्याच्या शेतात होत्या. दोघींची पोटं फुगली, जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं लागलं, आणि पेपेर म्हणाले की यानिकनं तार ढिली बांधली होती.

तर गाएताँ काठी खुपसून गेला त्या मंगळवारी आम्ही या टप्प्यावर होतो. जेवणाच्या टेबलावर पेपेरनी दोन उपाय मांडले. एक, त्यांच्या वडिलांच्या वेळच्या दुधाच्या बरण्या माळ्यावर आहेत, त्यांतून दूध मोरीपलीकडे वाहून न्यायचं. यानिकनं चमचा खाली ठेवून दोन दिवसांचं दूध भागिले एक बरणी एवढं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली तेव्हा तो उपाय त्यांनी मागे घेतला. दुसरा, बांध एका दणक्यात उपटून काढायचा. मी वाटाण्याचं सूप वाढता वाढता म्हटलं की आधी झिनेतला बोलावू या. झिनेत ही आमच्या पंचक्रोशीतली सापळे लावणारी बाई. बीव्हर, कस्तुरी उंदीर, रकून, जे काही शेतात नको तिथं येईल त्यासाठी लोक तिला बोलावतात. पेपेर म्हणाले, ती शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची, तिला काय कळतंय. मी फोन केला.

ती दुपारी आली. घराकडे न येता सरळ मोरीवर गेली आणि डोळे मिटून उभी राहिली. मी फ्लाव्हीची गाडी ढकलत तिथवर पोचले तरी तिचे डोळे मिटलेलेच. मग उघडून तिनं जाळीकडे पाहिलं.

"ही कोणी केली?"

"मी," पेपेर म्हणाले.

"सुरेख झाळलीयस. बीव्हरनी तुला गवंडी म्हणून ठेवून घ्यायला हवं, अदेलार."

पेपेरनी तिला एवढंच विचारलं की सापळे कधी लावतेस. लावणार नाही, ती म्हणाली. सप्टेंबरातली कातडी म्हणजे कसर लागलेला स्वेटर. दोघं म्हातारे धरले तर यंदाची पिल्लं उरतील. त्यांना अक्कल नाही, पण मोरी कुठे आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे. आणि सगळेच्या सगळे उचलले तरी वसंतात दुसरे येतील, कारण जागा चांगली आहे. "मी बीव्हर असते तर मीही इथंच आले असते," असं म्हणून तिनं खरोखरच कौतुकानं आमचा ओढा पाहिला.

मग तिनं सांगितलं ते मला अजून आठवतं. "पाणी मोरीत घुसतं तिथं ते गुरगुरतं. ऐकू येतंय? बीव्हरला तो आवाज सोसत नाही. तान्ह्या लेकराच्या आईला रडणं सोसत नाही, तसं. उठून ते गप्प केल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नाही. तुम्ही रोज सकाळी त्याचं पोर रडवता, तो रोज रात्री निजवतो."

मी पहाटे चारपासून उठलेली होते. त्या जनावराबद्दल पहिल्यांदाच मला काही कळल्यासारखं वाटलं, आणि ते कळलं याचाही राग आला.

तिचा उपाय असा. जाळी तोंडावर नको. मोरीपासून लांब, पाण्यात, सुपासारखं पसरत गेलेलं कुंपण घालायचं. दोन्ही बाजू सात-सात पावलं, समोरची बाजू त्याहून मोठी. पाणी एवढ्या लांबीतून पसरून आत येतं, त्यामुळे कुठेच गुरगुरत नाही. बीव्हर आला तरी त्याला कळत नाही नक्की कुठे काडी लावू. लावलीच, तर एवढं मोठं कुंपण लिंपायचं म्हणजे त्याचा हिवाळा जायचा. काँक्रीटमध्ये घालतात ती लोखंडी जाळी तिच्याकडे होती, बुधवारी दुपारी ती घेऊन येणार होती. तोवर पाणी थोडं थोडं उतरवा, ती म्हणाली. आज वीतभर, उद्या वीतभर. "एकदम सोडू नका. माती भिजून मऊ झालीय. पाणी मोरीतून जाणार नाही, वाटेखालून जाईल."

पेपेर गप्प होते. चूक आमचीच. ते गप्प बसले म्हणजे त्यांना पटलं असं यानिक लहानपणापासून धरून चालतो, आणि सहा वर्षांत मला तरी शहाणपण यायला हवं होतं.

संध्याकाळी यानिकनं वीतभर बांध काढला. तो काढलेल्या फांद्या काठावर टाकत होता, आणि मी गाडी हलवत हलवत त्या ढिगाकडे बघत होते. ढीग छोटा होता. तीन आठवडे रोज उपसलेल्या काड्यांचा ढीग माझ्या कमरेएवढा तरी हवा होता. मी यानिकला म्हटलं, तू रोज जे काढतोस तेच ते रोज रात्री परत नेतात. तुझ्या हातून साफ होऊन, कापून, काठावर मांडून मिळतंय त्यांना. तो दाताळ्यावर रेलून ढिगाकडे बघत राहिला. मग ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आला आणि सगळा ढीग गोठ्यामागे नेऊन टाकला.

बुधवारी पहाटे बांध पुन्हा उभा होता, मक्याचा. हिरवीगार, कणसांसकट ताटं, मुळापासून कापून आणलेली, चिखलात नीट आडवी रचलेली. मुरघासाला राखलेला मका. पाणी काल होतं त्याच्यावर चार बोटं चढलेलं, आणि वाटेच्या कडेवरून एक पातळ धार पलीकडे झिरपायला लागलेली. यानिकनं ते बघितलं, दाताळं तिथंच टाकलं आणि दूध काढायला गेला. त्याच्याकडे शिव्यासुद्धा शिल्लक नव्हत्या.

मी फ्लाव्हीचा लंगोट बदलत होते तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज ऐकला. मला वाटलं यानिक चारा टाकतोय. मग साखळीचा आवाज आला, इंजिनाचा दम लागलेला आवाज आला, आणि त्यानंतर जो आला तो मी याआधी कधी ऐकला नव्हता. एखादं मोठं जनावर बसल्या जागेवरून उठावं तसा. मी अर्ध्या लंगोटासकट पोर उचललं आणि धावले.

पेपेरनी जाळीला साखळी अडकवून ती ट्रॅक्टरनं ओढून काढली होती. जाळीबरोबर सगळा बांध निघाला. तीन आठवड्यांचं तुंबलेलं पाणी एकदम सुटलं, मोरीत मावेना, आणि झिनेतनं सांगितलं होतं तिथून गेलं. मी पोचले तेव्हा पलीकडच्या बाजूची माती ढेकळांनी ओढ्यात पडत होती. बघता बघता आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा वाटेचा तुकडा सावकाश कलला आणि खाली गेला. वाट अर्धी उरली. अर्ध्यावर एक मोटार कशीबशी गेली असती. टँकर नाही.

पेपेरनी चर्चमधल्या सगळ्या वस्तूंची नावं एका दमात घेतली. आमच्याकडे शिव्या चर्चमधूनच येतात. मग ट्रॅक्टर बंद केला आणि खाली उतरले. यानिक गोठ्यातून रबरी एप्रनमध्येच धावत आला, त्यानं खड्डा पाहिला, बापाकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेला, कारण आठ गाईंना यंत्र लावलेलं होतं. राहिले मी, पेपेर आणि गार वाऱ्यानं खूश होऊन पाय झाडणारी फ्लाव्ही.

"झिनेतनं काल काय सांगितलं होतं?" मी विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"साठ वर्षं ओळखतो मी या ओढ्याला."

"ओढा तुम्हाला ओळखत नाही ना, पेपेर."

त्यांनी टोपी काढली, परत घातली. मला लगेच वाटलं की हे बोलायला नको होतं, आणि लगेच असंही वाटलं की का नको होतं? माझ्या नवऱ्यानं तीन आठवडे झोप घालवली ती यासाठी? मी घरी आले, लंगोट नीट बांधला आणि फोन घेऊन बसले. फ्लाव्हीला मांडीवर आडवी घेऊन, एका हातानं तिच्या हिरड्या चोळत, मी सात घरांना फोन केले. प्रत्येक ठिकाणी तेच एक वाक्य: उद्या सकाळी टँकर यायचाय आणि आमची वाट खचलीय. पुढचं कोणी विचारलं नाही. दूधवाल्या घरांत तेवढं पुरतं. इर्जिकच ती, सगळ्यांनी जमून एकाचं काम उरकायचं; आम्ही कोर्वे म्हणतो.

अकरापर्यंत चार ट्रॅक्टर आले. मुरूम कोणाकडे होता, दगड नव्हते. मोठे दगड हवेत, नाहीतर मुरूम वाहून जाईल, असं सगळे म्हणत उभे असताना पेपेर पहिल्यांदा बोलले. वरच्या शेताच्या कडेला त्यांच्या आजोबांनी नांगरटीत वेचून टाकलेल्या दगडांची रास आहे, रासबेरीच्या झुडपांत बुडालेली. यानिकला ती माहीत नव्हती. पेपेर पुढे चालत गेले, मागे ट्रॅक्टर. दुपारपर्यंत तीन पिढ्यांनी शिव्या देत शेतातून काढलेले दगड शिव्या देतच खड्ड्यात भरले जात होते. मी सँडविचं केली, सगळ्यांना कॉफी नेऊन दिली, दोन शेजाऱ्यांकडून ऐकून घेतलं की दात येताना लेकराला थंड गाजर चघळायला द्यावं, आणि एकाकडून असंही की बीव्हरला हॉकी आवडते हे खरं का.

झिनेत जाळ्या घेऊन आली. तिनं खड्डा पाहिला, बाजूला पडलेली साखळी पाहिली. मी वाट बघत होते. ती काहीच बोलली नाही, आणि पेपेरना ते जास्त लागलं असावं, कारण त्यांनीच विचारलं, "बोल की."

"बूट घाल," झिनेत म्हणाली. "खांब ठोकायला माणूस हवाय."

त्यांनी छातीपर्यंतचे रबरी बूट घातले आणि पाण्यात उतरले. सप्टेंबरातलं पाणी आमच्याकडे हाडात शिरतं. यानिक म्हणाला मी उतरतो, बाबा, तुम्ही वर या. त्यांनी ऐकलं नाही. झिनेत काठावरून बोट दाखवायची, ते तिथं खांब धरून घण घालायचे. आणखी डावीकडे, ती म्हणायची, आणखी, तुला डावीकडे म्हणजे कुठे ते शाळेतही कळायचं नाही. ते सरकायचे. एकदा मधेच थांबून त्यांनी विचारलं, एवढी रुंदी कशाला, निम्म्यात भागेल. झिनेतनं फक्त खड्ड्याकडे पाहिलं. त्यांनी पुढचा खांब उचलला.

पाचपर्यंत कुंपण उभं राहिलं, मोठ्या सुपासारखं, मोरी त्याच्या बुडाशी. वाटही भरून आली, वर मुरूम, त्यावर ट्रॅक्टर मागेपुढे फिरवून दाबलेला. दिसायला वाट दिसत होती. पण भरलेला टँकर पेलेल का हे कोणाला सांगता येईना. एक शेजारी म्हणाला पेलेल, दुसरा म्हणाला मी माझा टँकर घातला नसता. मग पेपेर म्हणाले, शेणकाल्याची टाकी.

खड्ड्यातलं पातळ शेण उपसून शेतात नेण्यासाठी आमची ट्रॅक्टरमागची शेणकाल्याची टाकी त्या आठवड्यात भरून ठेवलेलीच होती. ट्रॅक्टरसकट वजन वीस टनांच्या घरात. दुधाआधी शेण घालून बघायचं, यात तसं काही वावगं नव्हतं. प्रश्न होता चालवायचं कोणी. यानिक निघाला तर पेपेरनी त्याच्या दंडाला धरलं.

"मी चालवतो. गेली तर माझ्यासकट जाईल."

"म्हणूनच तुम्ही नको," यानिक म्हणाला.

"तुला लेक आहे."

"तुम्हालाही लेक आहे, बाबा. हा काय समोर उभा आहे."

पेपेर ट्रॅक्टरवर चढून बसले. त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकत नाही. फक्त कधी कधी ते गप्प होतात, आणि आता त्याचा अर्थ आम्हाला माहीत होता.

मी फ्लाव्हीला इतकी घट्ट धरली होती की ती कुरकुरली. ट्रॅक्टर मोरीवर आला. मागे टाकीचं पहिलं चाक नव्या मुरमावर चढलं आणि मुरूम दोन बोटं दबला. चाक पुढे गेलं. दुसरं आलं, दबलेल्या जागी तो आणखी दबला नाही. पलीकडे जाऊन पेपेरनी वळवलं आणि परत आले. मग पुन्हा गेले. पुन्हा आले. चौथ्या खेपेनंतर यानिक ओरडून म्हणाला, पुरे, कळलं, अख्ख्या गावाला वास गेला. तेव्हा त्यांनी ट्रॅक्टर गोठ्यामागे नेला आणि बराच वेळ तिथून बाहेर आले नाहीत.

गुरुवारी पहाटे फ्लाव्हीनं मला साडेपाचला उठवलं. तिला शालीत गुंडाळून मी मोरीवर गेले, कारण झोप येणारच नव्हती. धुक्यात कुंपणाच्या एका कोपऱ्याशी पाण्यात एक काळं डोकं होतं. त्याच्या तोंडात मक्याचं ताट. त्यानं ते जाळीला लावलं, पंजांनी चेपलं, थांबून ऐकल्यासारखं केलं. मग समोरच्या बाजूला पोहत गेला, तिथं थांबला. मग दुसऱ्या बाजूला. मग परत पहिल्या कोपऱ्याशी. घरभर फिरून कुठला नळ गळतोय ते न सापडलेल्या माणसासारखा. चार-पाच ताटं त्यानं लावली होती, आणि पाणी बाकीच्या वीस पावलांतून बिनबोभाट आत जात होतं. वाटेपासून हातभर खाली. शेवटी त्यानं शेपटी आपटली आणि गेला. मला हसू यायला हवं होतं. बिचारा, असंच आलं मनात.

नऊला गाएताँ आला. उतरला, काठी घेतली, उतारात खुपसली. काठी दगडावर थांबली. त्यानं दोन ठिकाणी आणखी खुपसून पाहिली आणि विचारलं की वरून काय नेऊन बघितलंय. वीस टन शेण, यानिक म्हणाला. गाएताँनं मान हलवली. "मग दूध चालेल." रिकामा टँकर आत आला. दूध भरायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास पेपेर मोरीवर उभे होते, खचलेल्या बाजूला, अगदी कडेला, मुरमाकडे नजर लावून.

टँकर भरून निघाला तेव्हाही ते तिथंच. मी ओरडले, पेपेर, बाजूला या. ते हलले नाहीत. हातानं गाएताँला खूण करत राहिले, डावीकडे, थोडं डावीकडे, सरळ. टँकरचं मागचं चाक त्यांच्या बुटापासून दोन हातांवरून गेलं. मुरमावरचे चार-दोन खडे घरंगळून पाण्यात पडले. एवढंच. गाएताँनं मोठ्या रस्त्याला लागण्याआधी खिडकीतून हात काढला आणि म्हणाला, शनिवारी येतो.

यानिक दुधाची टाकी धुवायला पळाला. संध्याकाळच्या दुधाला ती रिकामी होती, स्वच्छ करून ठेवायची होती. मी मोरीवर गेले. पेपेर अजून खाली बघत होते, पण आता कुंपणाच्या त्या कोपऱ्याकडे, जिथं मक्याची ताटं अडकलेली होती.

"यानिकला सांग," ते म्हणाले, "उद्यापासून त्यानं पहाटे उठायचं नाही. काड्या मी काढीन."

कालच्या माझ्या बोलण्याबद्दल मी काही म्हणावं का, असा विचार करत होते, पण त्यांनी तेवढी जागा ठेवली नव्हती. म्हणून मी म्हटलं की झिनेत म्हणालीय, आठवड्यातून एकदा काढल्या तरी पुष्कळ.

"ती काय इथं राहते?" पेपेर म्हणाले. "रोज काढीन."

आणि लांब दाताळं घेऊन ते त्या पाच ताटांसाठी पुन्हा पाण्यात उतरायला निघाले. ते छातीपर्यंतचे बूट न घालता.